टिटवी पडल्याचं कारण

कमरीपेठेत माझं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘गदगकर इलेक्ट्रॉनिक्स’ आणि खाली बारीक अक्षरात ‘सर्व प्रकारची दुरुस्ती खात्रीने’ असं लिहिलेलं आहे. गदगकरानं दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा दुरुस्तीला येत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. आता जे सांगणार आहे ते त्या पाटीला शोभणारं नाही, पण सांगितल्याशिवाय मला गिळवतही नाही.

रविवारी सकाळी आम्ही चौघं विमानं उडवतो. रिमोटवर चालणारी, हलक्या लाकडाची, पाच-सहा फूट पंखांची. लोक खेळणी म्हणतात, म्हणोत बापडे. धारवाडच्या पलीकडं यल्लाप्पाच्या जोंधळ्याच्या रानाला लागून मोकळा माळ आहे, तिथं आम्ही जमतो. सुधींद्र वकील, विद्यानगरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा श्रीनिधी, मी, आणि आम्हा तिघांचे गुरू मुकुंदराव सर. सरांनी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. फळ्यावर एका दमात, हात न उचलता वर्तुळ काढायचे आणि मग पोरांना दोरी घेऊन मापायला सांगायचे. आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर. केशवापुरात ते आणि त्यांच्या पत्नी अनसूयाक्का दोघंच राहतात.

माळावर सरांचे दोन नियम चालतात. पहिला, ज्यानं जोडलं त्यानं तपासायचं नाही. म्हणजे मी विमानाचं सेटिंग केलं तर उडवण्याआधी ते वकिलानं नाहीतर श्रीनिधीनं तपासायचं, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. दुसरा नियम, विमान पडलं की आधी कारण, मग चहा. त्यासाठी सरांनी एक जाड वही केली आहे, तिला आम्ही पडझड वही म्हणतो. तारीख, विमान, चालक आणि कारण असे चार रकाने. ज्याचं विमान पडलं त्यानं माळ सोडायच्या आत, स्वतःच्या अक्षरात, खरं कारण लिहायचं. ते लिहून होईपर्यंत थर्मासचं झाकण उघडायचं नाही. ‘वारा’ असं लिहून कुणी सुटू पाहिलं तर सर म्हणायचे, “वारा सगळ्यांनाच होता. तुझं कारण लिही.”

श्रीनिधीनं एकदा पंखा उलटा बसवला होता. विमान पुढं जाईना, मग गेलं ते तिरकं जाऊन बांधावर आपटलं. तो वहीत लिहीत असताना मी मागं उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “फिजिक्स शिकवतो म्हणे! असल्यांनी पतंग उडवावेत.” पोरगा कानापर्यंत लाल झाला. त्या दिवशी सरांनी पहिला चहा श्रीनिधीला दिला. हे सगळं फेब्रुवारीतलं.

त्याच महिन्यात एका दुपारी सर दुकानात आले. आधी फोन करून विचारलं होतं, “गिऱ्हाईक नसेल तेव्हा कधी येऊ?” त्यांचा जुना रिमोट आणि माझा एकाच कंपनीचा. त्यांचा बिघडला आणि सुटे भाग मिळेनात, म्हणून मीच त्यांना दुसऱ्या कंपनीचा, वापरलेला पण चांगला रिमोट मिळवून दिला होता. तो त्यांनी काउंटरवर ठेवला आणि शेजारी आपला उजवा हात ठेवला. तिथं स्क्रूंची पत्र्याची डबी होती, ती वाजायला लागली.

“बघितलंस?” ते म्हणाले.

मी डबी उचलून बाजूला ठेवली.

“डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. घाबरायचं काही नाही, वाढलं तर सावकाश वाढंल. पण स्टिक धरली की विमानाला कळतंय रे. तू जरा मऊ करून दे की. आणि वकिलाला, श्रीनिधीला काही बोलू नको. उगाच माझ्याकडं बघत बसतील.”

मऊ करणं म्हणजे काय ते सांगतो. रिमोटच्या स्टिक जितक्या हलतात तितकं विमान वळतं. पण त्याचं प्रमाण बदलता येतं. त्या सेटिंगला एक्स्पो म्हणतात. ते नीट बसवलं की मधल्या भागात स्टिक थोडी हलली तरी विमान जवळजवळ लक्षच देत नाही, आणि पूर्ण ओढली तर मात्र पूर्ण वळतं. हाताला बारीक कंप असेल तर हे औषधासारखं काम करतं. उलटं बसवलं तर बरोबर उलटं होतं. बोट नुसतं थरथरलं तरी विमान उडी मारतं.

गोम अशी की सगळ्या कंपन्यांची रीत एक नाही. माझ्या रिमोटात एक्स्पो अधिक केलं की स्टिक मऊ होते. सरांच्या नव्या रिमोटात उणे केलं की मऊ होते. हे मला ठाऊक होतं. वकिलाला तर मीच यावर अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. पण त्या दुपारी सर समोर असतानाच एक बाई मिक्सर घेऊन भांडायला आल्या, मी त्यांच्याशी तोंडानं भांडत राहिलो आणि हातानं रिमोटची बटणं दाबत राहिलो. दहा वर्षं माझ्या रिमोटवर जे करत आलो तेच बोटांनी केलं. अधिक चाळीस.

“घ्या सर, लोण्यासारखं झालंय,” मी म्हणालो.

दुसऱ्या कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणी तपासलंही नाही. पहिला नियम असा मोडला. सरांनी स्वतःचा नियम माझ्या भरवशावर मोडला, हे मला आज जास्त लागतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी सरांनी टिटवी आणली. टिटवी म्हणजे त्यांनी वर्षभर बसून घरी बांधलेलं पिवळं विमान. त्याची एकेक फासळी त्यांनी ब्लेडनं कापली होती. उडवण्याआधी नेहमीची तपासणी झाली. सर स्टिक हलवायचे, श्रीनिधी मोठ्यानं ओरडायचा, डावं, उजवं, वर, खाली. दिशा सगळ्या बरोबर होत्या. एक्स्पो उलटं असलं तरी दिशा बरोबरच दिसतात.

टिटवी जमिनीवरून सुटली तीच उडी मारून. सरांनी सावरली तर ती दुसरीकडं कलंडली. बघणाऱ्याला वाटावं की उडवणाऱ्यानं पहिल्यांदाच रिमोट हातात घेतलाय. “सर, हलक्या हातानं, हलक्या हातानं!” असं मी ओरडत होतो. मी! एक वळण कसंबसं झालं. उतरवायला वळवली तेव्हा पंख खाली गेला, सरांनी उचलला, तो जास्त उचलला गेला आणि टिटवी पाठीवर पडली. आवाज फार मोठा नव्हता. आगपेटी पायाखाली आल्यावर होतो तेवढाच.

वकील आणि श्रीनिधी तिकडं धावले. सर जागचे हलले नाहीत. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बंद कर.” बंद करायच्या आधी सवयीनं मी सेटिंगचं पान उघडून पाहिलं. तिथं अधिक चाळीस होतं.

मला सगळं कळलं. अगदी त्या क्षणी कळलं, नंतर नव्हे. सर तेव्हा पिशवीतून वही काढत होते. त्यांनी ती गुडघ्यावर उघडली, पेन्सिल घेतली आणि तारीख लिहिली. मग विमान, मग चालक. मी चार पावलांवर उभा होतो. ‘सर, थांबा’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण श्रीनिधी तुटलेला पंख घेऊन परत येत होता, आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं, असल्यांनी पतंग उडवावेत. वाटलं, आत्ता नको, घरी गेल्यावर सांगू. सर चौथ्या रकान्यात लिहीत होते, अक्षर इकडंतिकडं जात होतं. लिहून झाल्यावर त्यांनी वही आम्हा सगळ्यांना दाखवली. ‘चालकाचा हात.’

“लपवून काय करायचं,” ते म्हणाले, आणि ज्यांना सांगायचं नव्हतं त्या दोघांनाही आपला हात दाखवला. वकिलानं चष्मा काढून पुसला. मग सरांनी थर्मासचं झाकण उघडायला मला सांगितलं, मी उघडलं आणि चहा प्यायलो. थोबाडीत मारून घ्यावी असा तो चहा होता.

घरी गेल्यावर सांगणार होतो ना? सांगितलं नाही. उलट बॅटरी चार्ज करून देतो म्हणून सरांचा रिमोट दुकानात घेऊन गेलो आणि शटर अर्धं ओढून अधिकचं उणं करून टाकलं. का केलं? कुणी पाहू नये म्हणून. दुसरं काही कारण नाही, आणि मी ते शोधणारही नाही.

दुसऱ्या दिवशी रिमोट द्यायला गेलो तर सर म्हणाले, “तुझ्याकडंच राहू दे. होगली बिडो, जाऊ दे, झालं ते बास झालं. तुम्ही उडवा, मी ऐकीन.” यल्लाप्पानं टिटवीचा तुटका पंख मागितला होता, तोही त्यांनी देऊन टाकला. यल्लाप्पानं तो पाखरं हुसकायला रानात काठीवर टांगला. दर रविवारी माळावर गेलो की तो पिवळा पंख जोंधळ्यावर हलताना दिसायचा आणि यल्लाप्पा विचारायचा, “सर यावाग बरतार्री?” सर कधी येणार? मी सांगायचो, येतील, येतील.

सर नुसते माळावर यायचे थांबले असते तर मी कदाचित निर्ढावलो असतो. माणूस कशालाही निर्ढावतो. पण त्या एका ओळीवर विश्वास ठेवून ते एकेक गोष्ट सोडत गेले. आधी स्कूटर सोडली. मग गल्लीतल्या पोरांना रविवारी संध्याकाळी चित्रं शिकवायचे ते बंद केलं. दाढी न्हाव्याकडं गेली. मी गेलो की अनसूयाक्का माझ्यासाठी भरलेला कप आणायच्या आणि सरांसाठी अर्धा. सर तो दोन्ही हातांनी धरून प्यायचे. डॉक्टरांनी यातलं काहीच सोडायला सांगितलं नव्हतं. हात फेब्रुवारीत होता तसाच होता. हात निकामी झाला असा निकाल दिला होता त्या वहीनं, आणि वहीत खोटं लिहायचं नाही असा त्यांचाच नियम.

नोव्हेंबर उजाडला. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा सर देवळात गेले होते आणि अनसूयाक्का दारातच बसल्या होत्या. शेंगा निवडायला घेतल्या होत्या, पण हात थांबलेले होते.

“काय झालं अक्का?”

“काय सांगू रे महेश. परवा बँकेत गेलतो, हयातीच्या दाखल्याला. ती पोरगी म्हणाली, आजोबा इथं सही करा. तर हे म्हणतात, सही नको, अंगठा घ्या की. माझा हात चालत नाही म्हणून सांगितलं तिला.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “सगळ्या शाळेला ज्यांनी अक्षर लावलं, त्यांनी अंगठा दिला रे. आणि घरी येऊन शाई किती वेळ घासत बसले. निघंना ती.”

मी उठलो आणि पुन्हा बसलो. सर येईपर्यंत तिथंच बसून राहिलो. ते आल्यावर अक्कांसमोरच सगळं सांगितलं. मिक्सरवाली बाई, अधिक चाळीस, वही लिहायच्या आधी मी पाहिलेलं पान, श्रीनिधीला बोललेलं वाक्य. काहीही वगळलं नाही.

सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “रिमोट आणलायस काय?”

होता. कधीतरी परत घेतील म्हणून दर वेळी पिशवीत आणायचोच. त्यांनी सेटिंगचं पान उघडायला लावलं आणि चष्मा वर करून पाहिलं.

“इथं उणे चाळीस आहे की. बरोबर आहे हे.”

“मी नंतर बदललं सर. त्याच दिवशी, दुकानात.”

सर हसले. इतके प्रेमानं हसले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “महेशा, बत्तीस वर्षं मास्तरकी केली मी. दुसऱ्याची चूक अंगावर घेणारी पोरं वर्गात एक-दोन असतातच. हिनं तुला बँकेचं सांगितलं असणार, तुझा जीव कळवळला. पण खोटं बोलायला तुला येत नाही बघ. गदगकर सेटिंग चुकतो असं कमरीपेठेत कोण मानंल?”

“सर, खरंच सांगतोय!”

“बरं, बरं. अगं, याला तो लाडू दे की.”

अक्कांनी बेसनाचा लाडू दिला, वर तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आणि मी तो खाल्ला. नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. चोरानं कबुली द्यावी आणि फौजदारानं त्याला जेवायला वाढावं, तसली माझी गत. खरं सांगून बघितलं तर आता खरं सिद्ध करायला माझ्याकडं काहीच नव्हतं. पुरावा मीच पुसला होता.

घरी येऊन जेवलो नाही. नेत्राला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल, ती समजूत घालेल, असं मनात कुठंतरी होतं. ती म्हणाली, “आठ महिने? आणि माझ्याजवळ पण बोलला नाहीत?” मग म्हणाली, “तोंडानं पटत नसंल तर हाताला पटवा. त्यांच्या हातालाच शंका आहे, त्यालाच दाखवा की. ते पुसलेलं सेटिंग परत करता येतं ना?”

करता येतं! रिमोटवर डाव्या बोटाशी एक बटण असतं. ते वर केलं की एक सेटिंग, खाली केलं की दुसरं. मी सरांच्याच रिमोटवर माझं विमान जोडलं. बटण वर असताना अधिक चाळीस ठेवलं, त्या दिवशीसारखं. खाली असताना उणे चाळीस, जे असायला हवं होतं ते. नंतर वकिलाला फोन करून सगळी हकीकत सांगितली आणि तपासून जा म्हटलं. वकील नुसता “हं” म्हणाला. येऊन त्यानं दोन्ही बाजू तपासल्या आणि चहालाही न थांबता निघून गेला. श्रीनिधीकडं मी स्वतः गेलो. तो म्हणाला, “पतंग आणू काय रविवारी?” मी म्हटलं, आण.

सरांना माळावर आणायला यल्लाप्पाचं नाव सांगावं लागलं. तो फार विचारतोय, नुसतं बसायला चला, उडवायचं नाही. ते आले. थर्मास आणि वहीची पिशवी सवयीनं बरोबर होती. रानातला पिवळा पंख त्यांना दिसला, त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

मी माझं विमान उडवलं. चांगलं उंच नेलं, इतकं की काही चुकलं तरी सावरायला जागा राहावी. मग बटण वर करून सरांजवळ गेलो आणि रिमोट त्यांच्या हातात ठेवला. ठेवला कसला, कोंबला.

“अरे! नको, नको, धर! पडंल ते!”

“मी सोडलंय सर,” मी म्हणालो आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून चार पावलं मागं सरलो. त्यांनी धरलं नसतं तर विमान गेलं असतं. जाऊ दे म्हटलं, टिटवी गेली तसं हेही जाऊ दे.

सरांनी धरलं. वर विमान लगेच उड्या मारायला लागलं. डावीकडं कलंडलं, उजवीकडं कलंडलं, नाक वर, नाक खाली. “बघ! बघ हा हात! कशाला रे छळतोस म्हाताऱ्याला?” सरांचा आवाज फुटला होता. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“सर, डाव्या बोटाशी बटण आहे. खाली करा.”

“काय?”

“बटण खाली!”

खटका वाजला. विमान शांत झालं. तेच विमान, तोच वारा, तोच हात. मला दिसत होतं, बोटं तशीच थरथरत होती आणि विमान मात्र सरळ रेघ ओढल्यासारखं चाललं होतं.

थोड्या वेळानं सरांनी आपण होऊन बटण वर केलं. विमान नाचायला लागलं. खाली केलं, शांत झालं. पुन्हा वर, पुन्हा खाली. एकदा झालेल्या गोष्टीवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता, पोरांनाही वर्तुळ दोनदा मापायला लावायचे. मग बटण खाली ठेवून त्यांनी माळावर एक मोठं वळण घेतलं, सावकाश, सगळीकडून सारखं. वकील तोंडातल्या तोंडात म्हणाला, “वर्तुळ काढलं बघा.” यल्लाप्पा बांधावर येऊन उभा राहिला होता. विमान उतरलं ते एकदा उसळून उतरलं, पण उतरलं.

सरांनी रिमोट बंद केला आणि दगडावर बसले. बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडं पाहत होते, अंगठ्याकडं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, “हे तू त्या दिवशी बघितलं होतंस?”

“हो सर.”

“मी लिहायच्या आधी?”

“हो.”

“आणि मला लिहू दिलंस.”

मी मान खाली घातली. रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता.

सरांनी वही काढली. मार्चचं पान उघडलं. ‘चालकाचा हात’ ही ओळ पेन्सिलीनं खोडली आणि वर लिहिलं, ‘सेटिंग उलटं. चालकाचा दोष नाही.’ अक्षर वाकडंतिकडं होतं, पण वाचता येत होतं. मग खाली त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण सही, शेवटच्या रेघेसकट. ती करून झाल्यावर ते तिच्याकडं असे बघत राहिले की जणू कुणी परगावाहून आलं होतं.

मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पान उलटलं आणि कोऱ्या पानावर आजची तारीख घातली. विमानाच्या रकान्यात लिहिलं, ‘आठ महिने.’ चालकाच्या रकान्यात नुसती रेघ मारली. मग वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल पुढं केली.

“विमान पडल्याचं कारण मी लिहिलं. हे आठ महिने पडले, त्याचं तू लिही.”

मी पेन्सिल घेतली. श्रीनिधी माझ्या मागं उभा होता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली, पण तो बोलला नाही, पतंगही आणला नव्हता त्यानं. ‘भीती’ लिहावं असं आलं मनात. ‘लाज’ लिहावं असंही आलं. पण ते म्हणजे ‘वारा’ लिहिल्यासारखं झालं असतं. भीती आणि लाज सगळ्यांनाच असते. शेवटी मी लिहिलं, ‘महेश.’

सरांनी वाकून वाचलं.

“आडनाव पण लिही,” ते म्हणाले. “दुकानाच्या पाटीवर लिहितोस की.”

मी ‘गदगकर’ लिहिलं. एवढं मोठं आडनाव मला कधी वाटलं नव्हतं.

सरांनी वही मिटून पिशवीत घातली. मग थर्मास स्वतःकडं ओढला आणि झाकण स्वतः उघडलं. मी पुढं झालो तर हातानंच मला मागं सारलं. पहिला चहा त्यांनी श्रीनिधीला दिला, दुसरा वकिलाला, तिसरा यल्लाप्पाला हाक मारून. प्रत्येक वेळी थोडा बाहेर सांडत होता आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. चौथा आपला, काठोकाठ. तो एका हातात धरून त्यांनी एक घोट घेतला, हनुवटीवर ओघळला तो बाहीनं पुसला. मग थर्मास तिरपा करून उरलेला चहा झाकणात ओतला आणि माझ्यापुढं धरला.

“माफ केलं असं समजू नकोस,” ते म्हणाले. “कारण लिहिलंस म्हणून देतोय.”